तुम्ही दोघी

बसमधून ती उतरली तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. थांबा म्हणजे रस्त्याकडेचा एक खांब, आणि त्याच्याजवळ उभी असलेली एक जुनाट गाडी. गाडीचा मालक मधमाश्या पाळतो हे सांगावं लागत नव्हतं, मागच्या सीटवर त्याची जाळीची टोपी पडली होती. त्यानं तिची एकुलती एक बॅग डिकीत टाकली, टोपी उचलून पुढे ठेवली, मागचं दार उघडलं आणि ते धरून जरा वेळ उभाच राहिला. आपण मागे बसावं असं म्हणतोय की काय, म्हणून ती वळली, तर त्यानं हातानं तिला पुढची सीट दाखवली. मग मागचं दार अगदी अलगद लावलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं.

"रस्ता खराब आहे," तो म्हणाला. "सावकाश नेतो. तुम्हाला धक्के नकोत."

त्या भाषेत एका माणसाला एक शब्द आणि अनेकांना दुसरा, एवढं ती निघण्यापूर्वीच्या वर्गात शिकली होती. त्यानं अनेकांचा वापरला. ती मनात म्हणाली, आपल्यासारखंच दिसतंय यांचं, मान द्यायचा तर एकाला 'तुम्ही' म्हणायचं. पन्नाशी उलटलेल्या बाईला परमुलखात पहिल्याच भेटीत कुणी मान दिला तर तिला बरं वाटणारच. तिलाही वाटलं.

घरी तिला धाकटी म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा दोन सुनांतली धाकटी, म्हणून ते नाव पडलं आणि केस पांढरे झाले तरी उतरलं नाही. नवरा दहा वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि सात वर्षं तिनं त्यांचं सगळं केलं. चार महिन्यांपूर्वी त्याही गेल्या. तेव्हा तिच्या लेकीनं हट्टच धरला. "आई, आता तरी घराबाहेर पड. हातपाय चालतायत तोवर जग बघ." लेकीनंच हे शेतघर शोधलं. शहरातली माणसं सुट्टीला तिथे येऊन राहत, शेळ्यांना पाला घालत, फोटो काढत आणि परत जात. त्यांच्या खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, सकाळी धारा काढायला हात लावायचा. दिवसाचं पाच तास काम हिचं, राहणं-जेवण त्या लोकांचं. महिनाभर राहायचं आणि मग पुढे फिरायचं, असा बेत होता.

शेतघर टेकडीच्या पोटाशी होतं. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, एका अंगाला गोठा, मागे आलुबुखाऱ्याची झाडं आणि त्यांतल्या एका झाडाखाली लाकडी बाक. मालकीण साठीची, दणकट, मोजकं बोलणारी. मधमाशीवाला तिचा भाऊ. घरात तिसरं कुणी नव्हतं. तिला दिलेल्या खोलीत दोन पलंग होते आणि दोन्हींवर धुतलेल्या चादरी घातल्या होत्या. खिडकीजवळच्या पलंगावर पाठीला टेकायला जास्तीच्या दोन उश्या होत्या. तिनं त्याच पलंगावर बॅग ठेवली. हातपाय धुऊन आली तर बॅग खाली, भिंतीशी नीट उभी करून ठेवलेली. स्वच्छ चादरीवर बॅग ठेवली हे आवडलं नसेल, असं म्हणून ती ओशाळली.

जेवायला चार जागा मांडल्या होत्या. चौथ्या जागी ताटली नव्हती, वाडगा होता, आणि त्यात दुधात कुस्करलेला पाव. मालकिणीनं तिच्याकडे दोनदा पाहिलं, जणू ती काही करील म्हणून. ती गप्प जेवत राहिली. मग मालकीणच उठली, वाडगा घेऊन बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं रिकामा वाडगा घेऊन परत आली. मांजर असेल, तिला वाटलं. मांजर काही तिला पुढच्या चार दिवसांत दिसलं नाही.

काम तिला आवडलं. शेळ्यांनी पहिल्या दिवशी तिची बरीच थट्टा केली. एकीनं बादली लाथाडली, दुसरीनं ओढणीचं टोक चावून खाल्लं. तिसऱ्या दिवशी मात्र धार नीट बादलीत वाजू लागली आणि मधमाशीवाला म्हणाला, "हात मऊ आहे तुमचा. कुणाचं तरी पुष्कळ केलंय या हातांनी."

तिनं बादली उचलून दुसऱ्या शेळीपाशी नेली. घरीदारी सगळे हेच म्हणत. अशी सून मिळायला भाग्य लागतं. सात वर्षं म्हातारीला एक जखम होऊ दिली नाही अंगावर. आणि मरण तरी कसं आलं, सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून, झोपेत. तेराव्याला आलेल्या एका बाईनं तर तिच्या हाताला हात लावून तो कपाळाला लावला होता. तेव्हापासून ती लोकांच्या डोळ्याला डोळा द्यायचं टाळायची. इथवर येण्यामागे जग बघण्याची हौस थोडी आणि ते कौतुक चुकवण्याची घाई जास्त, हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

इकडे मालकिणीचं वागणं दिवसागणिक कोरडं होत चाललं होतं. काम चुकत होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. चादरींना सुरकुती पडू दिली नव्हती, गोठा आरशासारखा होता. तरी मालकीण तिच्याकडे पाहताना ओठ घट्ट मिटायची. मधमाशीवाला मधे पडल्यासारखा काहीबाही बोलायचा आणि पोळ्यांकडे निघून जायचा. पाचव्या दिवशी दुपारी दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. बाहेर ऊन इतकं पडलं होतं की गोठ्याची भिंत पांढरी दिसत होती. मालकिणीनं हातातली शेंग खाली ठेवली.

"एक विचारते. राग मानू नका."

"विचारा."

"तुम्ही त्यांच्याशी बोलत का नाही?"

"कुणाशी?"

"तुमच्या आईंशी."

धाकटीला वाटलं, आपल्याला भाषा कळली नाही. "माझी आई मी आठ वर्षांची असतानाच गेली," ती सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली.

"मग सासूबाई असतील. तुमच्याबरोबर आल्यात त्या." मालकीण थांबली. ती चिडली नव्हती, उलट तिलाच हे बोलताना अवघड होत असावं. "घरोघरी कुरबुरी असतात. पहिल्या दिवशी म्हटलं, प्रवासात काही बिनसलं असेल. पण पाच दिवस... एका खोलीत झोपता. त्यांच्यासमोरून ये-जा करता. काल तुम्ही शेळीला पाणी दाखवलंत, त्या शेजारी बाकावर बसल्या होत्या, त्यांना विचारलंसुद्धा नाही. मी असं कुठे पाहिलं नाही."

"मी एकटी आलेय," धाकटी म्हणाली.

मालकिणीनं खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोला. बाहेरच बसल्यात त्या. ऐकू जाईल."

धाकटीनं खिडकीतून पाहिलं. झाडाखाली बाक होता. बाकावर उन्हाचे कवडसे होते. दुसरं काही नव्हतं.

"कशा... कशा दिसतात?" तिनं विचारलं.

मालकीण तिच्याकडे टक लावून पाहू लागली. ही थट्टा करतेय की वेड पांघरतेय, ते ती जोखत असावी. मग तिनं सांगितलं. बारकुड्या, वाकलेल्या. करडी शाल. डाव्या हाताची करंगळी आत वळलेली. बोलताना खालचा ओठ आधी हलतो आणि शब्द मागून येतो.

शेंगांची टोपली धाकटीच्या मांडीवरून घसरली. दाणे फरशीवर घरंगळत गेले आणि ते गोळा करायला दोघींपैकी कुणी वाकलं नाही.

करंगळी तिनं सात वर्षं रोज तेल लावून चोळली होती. ती सरळ व्हायची नाही हे डॉक्टरांनी सांगूनही चोळली होती. ते सगळं खरं होतं. खोटं होतं ते फक्त शेवटच्या दुपारचं.

त्या दुपारी झालं होतं ते असं. सासूबाईंना हाक मारणं जमत नव्हतं, म्हणून उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असे. काही लागलं की त्या चमचा पेल्यावर वाजवत. त्या दिवशी सकाळपासून अकरा वेळा वाजला होता. कधी उशी, कधी पंखा, कधी नुसतंच. बाराव्यांदा वाजला तेव्हा धाकटी गॅलरीत चहा घेऊन नुकतीच टेकली होती. ती उठली नाही. एवढा चहा होऊ दे, म्हणाली. चमचा वाजत राहिला. तिनं खुर्ची वळवली आणि रस्त्याकडे पाहत बसली. मग आवाज सावकाश झाला, एकेक, लांब लांब. मग थांबला. आणि तो थांबल्यावर तिला हायसं वाटलं. हे हायसं वाटणंच पुढे तिचा जीव खात राहिलं. तिनं कप विसळून ठेवला आणि मगच ती आत गेली. सासूबाई पलंगावरून अर्ध्या बाहेर लोंबल्या होत्या. पाण्याचा तांब्या हातापासून वीतभर लांब राहिला होता. तिनं त्यांना सरळ केलं, तोंड पुसलं, केस विंचरले, आणि शेजारच्यांना हाक मारताना तिच्या तोंडून आपोआप निघालं, "माझ्या मांडीवरच गेल्या हो..."

त्या दिवशी शेतघरात तिनं उरलेलं काम केलं नाही. खोलीत जावंसं वाटेना, आवारात थांबवेना. टेकडीवर जाऊन ऊन उतरेपर्यंत ती एका दगडावर बसून राहिली. या बाईला कुणी सांगितलं असेल? लेकीनं फोटो पाठवला असेल? पण ओठ आधी हलतो हे फोटोत कुठून दिसणार.

परतली तेव्हा मागचं दार उघडं होतं. व्हरांड्यात पाय ठेवला आणि तिनं ऐकलं. टण्. थोड्या वेळानं पुन्हा, टण्. तिच्याच खोलीतून. स्टीलवर चमचा वाजतो तसा तो आवाज होता. पाय जागच्या जागी रोवले गेले. जायला हवं, आता तरी जायला हवं, असं मन सांगत होतं आणि देह हलत नव्हता. तिच्या बाजूनं एप्रनला हात पुसत मालकीण झपझप पुढे गेली. "आले, आले," म्हणत आत शिरली.

धाकटी भिंत धरून दारापर्यंत पोचली.

खिडकीजवळच्या पलंगावर मालकीण बसली होती. एक हात हवेत, कुणाची मान सावरावी तसा वाकवलेला. दुसऱ्या हातात काचेचा पेला तिरका धरलेला. समोर कुणी नव्हतं. पाठीमागच्या दोन उश्या मात्र दबलेल्या होत्या. आणि पेल्यातलं पाणी कमी होत होतं. सांडत नव्हतं. घोटाघोटानं, मधे मधे थांबत, दमलेलं माणूस पितं तसं कमी होत होतं.

"सावकाश," मालकीण म्हणत होती. "घाई नाही. अजून आहे."

पेला रिकामा झाला. मालकिणीनं एप्रनच्या टोकानं हवेतच काहीतरी हळूच टिपलं. ते टोक ओलं झालेलं धाकटीला दिसलं.

भीती तर होतीच. पण भीतीहून मोठं काहीतरी तिच्या मानेवर येऊन बसलं आणि मान खाली गेली. एका परक्या बाईनं, जिचं यांच्याशी नातं ना गोतं, हातातलं काम टाकून जे केलं, तेवढंच तर करायचं होतं. दहा पावलांचं अंतर होतं गॅलरीपासून.

संध्याकाळी गोठ्यात, शेळ्यांच्या उग्र वासात, खाली बसून तिनं दोघा भावंडांना सगळं सांगितलं. भाषा मोडकी होती, पण चहा, चमचा, पाणी एवढे शब्द पुरले. शेवटी ती म्हणाली, "त्यांना जाऊन चार महिने झाले."

मधमाशीवाल्यानं हातातली दोरी खाली ठेवली. आता ही माणसं आपल्याला हाकलतील, निदान घाबरतील, असं तिला वाटलं.

"चार महिने," मालकीण म्हणाली. "तरीच एवढी तहान."

"तुमच्याशी त्या कुठल्या भाषेत बोलतात?"

"म्हाताऱ्या माणसांची भाषा केवढीशी असते. पाणी. ऊन. पाय दुखतात."

"माझ्याबद्दल काही...?"

"नाही. एकदाही नाही."

शिव्या दिल्या असत्या तर सोसवल्या असत्या. हे सोसवेना. ती रडू लागली. मालकिणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही, आणि तिनंही तशी आशा केली नाही.

"मला सांगून काय उपयोग?" मालकीण म्हणाली. "खोटं ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं थोरल्या जावेला फोन लावला. आवाराच्या फाटकाशी उभी राहून एका दमात सगळं बोलली, मधे थांबले तर पुन्हा धीर होणार नाही म्हणून.

"जाऊबाई... ऐकताय ना?"

"मला माहीत होतं गं," थोरली म्हणाली. "आंघोळ मी घातली त्यांना. हात बाहेर ताणलेला होता, तो काही केल्या आत येईना. मांडीवर डोकं ठेवून गेलेल्या माणसाचा हात असा असतो का?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुठल्या तोंडानं बोलणार? सात वर्षांत मी सात दिवस आले नाही. तुझं खोटं उघडं पाडलं असतं तर माझं खरं कुठे लपवणार होते?" थोरलीचा आवाज घोगरा झाला. "तू परत ये. कुणाला काही सांगू नकोस."

"सांगणार आहे," धाकटी म्हणाली.

त्यानंतर आठ दिवस ती तिथे राहिली. रोज दुपारी वाडग्यात पाव कुस्करून बाकाशी नेऊन ठेवायची, जमिनीवर बसायची आणि बोलायची. माफी मागायची, घरच्या गोष्टी सांगायची, नुसतीच गप्प राहायची. वाडगा तसाच भरलेला राही. त्यावर माश्या बसत. मग मालकीण यायची, वाडगा हातात घ्यायची आणि थोड्या वेळात तो रिकामा व्हायचा. धाकटीला ना शाल दिसली ना करंगळी. चमच्याचा आवाजही पुन्हा कधी ऐकू आला नाही. सगळ्यांना दिसणाऱ्या त्या, तिला एकटीला तेवढ्या दिसत नव्हत्या.

नवव्या दिवशी तिनं बॅग भरली. पुढचं फिरणं तिनं रद्द केलं होतं. निघताना मालकिणीला म्हणाली, "त्यांना विचाराल? माझ्याबरोबर घरी येतात का?"

मालकीण झाडाखाली गेली, वाकून काही बोलली, थोडा वेळ ऐकत राहिली आणि परत आली.

"नाही म्हणतात. रागानं नाही. इथे बरं वाटतंय म्हणाल्या."

घरी आल्यावर तिनं खरंच सगळ्यांना सांगितलं. लेकीला, शेजाऱ्यांना, तेराव्याला तिच्या हाताला हात लावून गेलेल्या त्या बाईलासुद्धा. काहींनी "असू दे, माणूस दमतं" म्हणून विषय मिटवला. काहींनी येणंजाणं कमी केलं. तिला दोन्ही पटलं. अंगावरचं एक ओझं उतरलं आणि त्याच्या जागी दुसरं, जरा हलकं, आलं. झोप लागू लागली.

पावसाळा सरता सरता परदेशातून एक पाकीट आलं. पत्ता तिच्याच घरचा होता, पण वर तिचं नाव नव्हतं. 'घरच्या मंडळींना' असं लिहिलं होतं. आत मालकिणीच्या थोराड अक्षरात दीड पान. अडलेले शब्द कोशात बघून तिनं ते वाचलं. मग आपलं काही चुकतंय म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," मालकिणीनं लिहिलं होतं. "इथे राहून गेलेल्या तुमच्या बाई सोमवारी दुपारी परत आल्या. एकट्याच, सामान नव्हतं. काय झालं ते आम्ही समजलो. त्या सुखरूप पोचल्या एवढं तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिते. दिवसभर आईंच्या पायाशी बसून असतात. आमच्यापैकी कुणाशी बोलत नाहीत, पण आईंशी खूप बोलतात आणि आई आता हसतात. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे. भाऊ त्यावर रोज मध लावतो. तरी जखम अजून ओलीच आहे. कसं झालं हे त्या सांगत नाहीत."

पत्रावरची तारीख वीस दिवसांपूर्वीची होती.

तिनं उजवी बाही वर केली. हात कोपरापर्यंत उलटसुलट करून उजेडात धरला. कातडी स्वच्छ होती. एक डागसुद्धा नव्हता.

त्या दिवशी तिनं गॅस पेटवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारणीनं भाजी-पोळी आणून दिली, बरं नाही का विचारलं, आणि तिनं नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी ती पाव आणि केळी खाऊन राहिली.

पण माणूस चहावाचून किती दिवस राहणार.